मैदान अजून गेलेलं नाही

पत्र

ताई, मी एका तालुक्याच्या गावात एका दैनिकाची वार्ताहर आहे. दीड वर्ष झालं. मागच्या पंधरवड्यात नगरपरिषदेच्या सर्वसाधारण सभेत शाळेमागच्या मैदानाचं आरक्षण उठवून जागा रहिवासी करायचा विषय दोन मिनिटांत मंजूर झाला, तोही 'ऐनवेळचा विषय' म्हणून. सभा संपल्यावर विरोधी गटाचे एक नगरसेवक मला बाजूला घेऊन म्हणाले, "पाच पेट्या पोचल्यात, लिही बिनधास्त." मी 'मैदानाचं आरक्षण उठवलं' अशी बातमी पाठवली. संपादक म्हणाले, पुरावा आण. त्याच सभेत शाळेसमोर येणाऱ्या नव्या वाइन शॉपवरून दोन तास गदारोळ झाला, दुसऱ्या दिवशी तेवढंच छापून आलं. मैदानाची जागा ज्यांनी घेतली आहे ते आमच्या दिवाळी पुरवणीचे मोठे जाहिरातदार. आणि शेवटचं: ठरावाला अनुमोदन देणारे नगरसेवक माझे सख्खे मामा आहेत. मी काय करू?

– एक वार्ताहर

उत्तर

संपादकांवर तू चिडलेली दिसतेस. मीही तुझ्या वयात चिडायचे. पण या वेळी त्यांनी तुला वाचवलं, कारण तुझ्या बातमीचं शीर्षकच चुकलं होतं. मैदानाचं आरक्षण उठलेलं नाही. नगरपरिषदेला ते उठवताच येत नाही.

विकास योजना, म्हणजे गावातली कुठली जागा कशासाठी ते ठरवणारा आराखडा, मंजूर करतं शासन, त्यामुळे तिच्यातला फेरबदलही शासनच मंजूर करतं. नगरपरिषदेच्या हातात फक्त प्रस्ताव. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६. त्याचं कलम ३७ तू एकदा मराठीत बसून वाच, दोनच पानं आहेत. क्रम असा: सभेचा ठराव होतो. मग नगरपरिषद राजपत्रात आणि इतर मार्गांनी सूचना प्रसिद्ध करते. सूचनेच्या तारखेपासून एक महिन्याच्या आत कुणीही हरकत किंवा सूचना देऊ शकतं. ज्यांच्यावर परिणाम होतो त्यांना वेगळी नोटीस द्यावी लागते, त्यांचं म्हणणं ऐकावं लागतं. एवढं झालं की प्रस्ताव शासनाकडे जातो. शिवाय बदल असा हवा की मूळ योजनेचं स्वरूपच पालटू नये. म्हणजे त्या दिवशी सभेत हात वर झाले तेव्हा गाडी नुसती स्टँडवरून हलली.

आपण पत्रकार मात्र या प्रकरणात दोनच दिवशी जागे असतो. ठराव झाला त्या दिवशी 'आरक्षण उठवलं' म्हणून, आणि पाचेक वर्षांनी मैदानावर जेसीबी उभा राहिला त्या दिवशी 'नागरिकांत संताप' म्हणून. मधला तो एक महिना, ज्यात शाळेतल्या एखाद्या पोराचा बाप साध्या कागदावर चार ओळी खरडून, आवक खिडकीवर पोच घेऊन प्रक्रियेत शिरू शकतो, तो कुणाच्याच पेपरात नसतो. 'आरक्षण उठवलं' असं छापलंस की लोक हळहळतात आणि पान उलटतात, कारण जे झालं त्याचं करायचं काय? 'हरकतीसाठी अमुक तारखेपर्यंत मुदत' असं छापलंस तर तोच माणूस कात्री शोधतो.

म्हणून पहिलं काम: सूचना प्रसिद्ध झाली आहे का ते शोध. नगरपरिषदेचा सूचना फलक पाहा, राजपत्राचं संकेतस्थळ पाहा, आणि मुख्य म्हणजे जिल्ह्यातली सगळी वर्तमानपत्रं पाहा, ज्यांचं नावही कुणी घेत नाही अशी चार पानी धरून. जाहीर सूचना छापायचा नियम पाळला जातो, पण ती वाचली जाणार नाही अशा बेतानं. एकदा आमच्या जिल्ह्यात एका उद्यानाची सूचना अशा सांजदैनिकात आली होती की त्याचा अंक मिळवायला मला छापखान्यात जावं लागलं. गावातल्या वाचनालयात बसून आठवड्यातून एकदा जाहीर सूचनांची पानं चाळायची सवय लाव. कंटाळवाणं काम आहे. पण मला नोकरीत मिळालेल्या बऱ्या बातम्यांतल्या निम्म्या तिथेच, 'तमाम जनतेस कळविण्यात येते की' च्या खाली सापडल्या.

सूचना अजून निघाली नसेल तर उत्तमच. मग तुझी बातमी अशी: मैदान रहिवासी करण्याचा प्रस्ताव सभेत मंजूर, सूचना अद्याप नाही, ती निघाल्यावर नागरिकांना एक महिना. आणि निघाली की पुन्हा बातमी, तारखेसकट. मुदत संपायला आठ दिवस असताना तिसरी. किती हरकती आल्या याची चौथी. सुनावणीला कोण हजर होतं याची पाचवी. एकाच सभेच्या बातमीत सगळं कोंबायचा हट्ट सोड.

हे कलम ३७ इतकं महत्त्वाचं का, ते पुण्याच्या एका प्रकरणावरून कळेल. तू तेव्हा जन्मलीही नसशील. एरंडवण्यात, प्रभात रस्त्याच्या भागात, प्राथमिक शाळेसाठी आरक्षित असलेला एक भूखंड होता. युतीच्या काळात ते आरक्षण हलवून थेट लोहगावला नेलं गेलं आणि इथे टोलेजंग इमारत उभी राहिली. बांधकामाचा संबंध तेव्हाचे मुख्यमंत्री मनोहर जोशी यांच्या जावयांशी होता. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं, १९९९ मध्ये परवानगी रद्द झाली, आणि २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो निकाल कायम ठेवला. सगळ्यांना आठवतात ते जावई. मी तुला दुसरी गोष्ट बघायला सांगते. आरक्षण हलवताना कलम ३७ चा रस्ता टाळून विकास नियंत्रण नियमावलीतल्या एका पोटनियमाचा आधार घेतला होता. म्हणजे जाहीर सूचना नाही, हरकती नाहीत, सुनावणी नाही. लोकांना बोलायला जो महिना मिळायला हवा होता तोच गाळला गेला, आणि न्यायालयानं बोट ठेवलं ते नेमकं तिथे. त्या निकालात फायलीवरच्या टिपण्यांवर पानंच्या पानं आहेत: कुणी आधी नको म्हटलं, कुणी कुणाच्या सांगण्यावरून मत बदललं. पेट्या कुणी मोजल्या हे कुणी पाहिलं नव्हतं. टिपण्या मात्र फायलीत होत्या.

आता 'ऐनवेळचा विषय'. आयत्या वेळचा म्हणा, ऐनवेळचा म्हणा, नगरपरिषदेतली सगळ्यात जुनी युक्ती हीच. सभेची नोटीस आणि विषयपत्रिका सदस्यांना आधी द्यायची असते ती त्यांनी वाचून यावं म्हणून. त्यात नसलेला विषय शेवटी, जेवणाच्या वेळेला, 'मा. अध्यक्षांच्या परवानगीने' येतो. सभा कालव्यासारखी वाहत असते, 'मंजूर मंजूर' म्हणत सगळे उठतात. एखादी नळजोडणी तातडीची असू शकते. मैदानाचा फेरबदल तातडीचा कसा? हा प्रश्न तू मुख्याधिकाऱ्यांना लेखी विचार. उत्तर आलं तरी बातमी, न आलं तरी बातमी.

आणि पुढच्या सभेला वेळेवर जा. तुम्ही तरुण मंडळी पहिला विषय संपल्यावर येता, कारण तो नेहमी एकच असतो: 'मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे.' कंटाळा येतो, कबूल. पण ठराव लिहिला जातो सभेनंतर. सभेत कुणी काय म्हणालं आणि कागदावर काय उतरलं यात केवढं अंतर पडू शकतं हे ज्यानं पाहिलंय त्याला हा विषय सर्वांत सुरस वाटतो. सभेत 'आरक्षणाचा काही भाग' म्हटलेलं असतं, इतिवृत्तात 'संपूर्ण क्षेत्र' होतं. विरोध करणाऱ्या दोघांची नावं गळून 'सर्वानुमते' येतं. तुझ्या वहीत त्या दिवसाचं टिपण असेल, तारीख-वेळ घालून, तर ती वही जपून ठेव. इतिवृत्त कायम झालं की प्रत मिळव आणि शेजारी शेजारी ठेवून वाच. सर्वसाधारण सभा लोकांना खुली असते, तेव्हा बसायला परवानगी मागू नकोस, नुसती जाऊन बस. विरोध केलेल्या नगरसेवकांना एक विचार: कलम ३०८ खाली जिल्हाधिकाऱ्यांकडे ठराव तहकूब करायची मागणी केलीत का? नगरपरिषद कायद्यानं तो अधिकार जिल्हाधिकाऱ्यांना दिला आहे. सभागृहात बाकं वाजवणारे आणि नंतर अर्ज न करणारे मी पुष्कळ पाहिलेत. त्यांचा विरोध कितपत खरा, ते वाचकांना तेवढ्या एका उत्तरावरून कळतं.

इथे माझी एक लाजिरवाणी गोष्ट सांगते. नव्वदच्या दशकात एका नगरसेवकाच्या तोंडी माहितीवर मी 'मैदान बिल्डरच्या घशात' असं ठोकून दिलं होतं. गट नंबर त्यांनी सांगितला, मी लिहिला. नगरपरिषदेत जाऊन नकाशा पाहायचा कंटाळा केला. छापून आलं, आणि दुसऱ्या दिवशी एक म्हातारे शेतकरी, धोतर-टोपीतले, कार्यालयात आले. मी लिहिलेला पोटहिस्सा त्यांचा होता, मैदान शेजारच्या पोटहिश्श्यात. त्यांच्या मुलाचं लग्न ठरत होतं आणि मुलीकडच्यांनी विचारलं होतं की जमिनीची भानगड काय आहे. दिलगिरी पान सातवर आली, दीड इंच. त्यांचा चेहरा मला अजून आठवतो. ज्यांच्याबद्दल खरं लिहायला हवं होतं त्यांना तर आयतंच कोलीत मिळालं: 'बघा, सगळंच खोटं.' तेव्हापासून सातबारा, सिटी सर्व्हे उतारा, विकास योजनेचा भाग नकाशा आणि आरक्षण क्रमांक हे चारही एकमेकांना जुळल्याशिवाय मी जागेचा नंबर लिहिला नाही.

कागद मिळवायचे कसे, ते तू विचारलं नाहीस, पण 'पुरावा आण' म्हणजे तेच. माहिती अधिकाराचा अर्ज कर, दहा रुपयांचा. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयाचा आणि दीडशे शब्दांचा असावा लागतो, तेव्हा 'सर्व माहिती द्यावी' असलं मोघम काही नको. ठरावाची प्रत, त्यामागची नगररचना विभागाची टिपणी, जागामालकाचा मूळ अर्ज आवक क्रमांकासह, एवढंच माग. तीस दिवस लागतील आणि तुझ्याकडे वेळ कमी आहे. म्हणून त्याआधी सोमवारी दुपारी ३ वाजता नगरपरिषदेत जा. सामान्य प्रशासन विभागाचं नोव्हेंबर २०१८ चं परिपत्रक आहे: जिल्हास्तरीय कार्यालयांत आणि स्थानिक स्वराज्य संस्थांत दर सोमवारी ३ ते ५ या वेळेत नागरिकांना अभिलेख पाहू द्यायचे. बऱ्याच ठिकाणी बाबूलोक 'असं काही नसतं' म्हणतात. परिपत्रकाची छापील प्रत पिशवीत ठेव. ती टेबलावर ठेवली की खुर्ची मिळते, कधी कधी चहाही.

फायलीत एक कागद खास शोध. त्याचं नाव खरेदी सूचना. त्याच नगररचना कायद्याच्या कलम १२७ नुसार योजना अमलात आल्यावर दहा वर्षांत आरक्षित जागा घेतली नाही तर मालक नोटीस देऊ शकतो: घ्या, नाहीतर सोडा. ही नोटीस मिळाल्यापासून चोवीस महिन्यांत नगरपरिषदेनं संपादन केलं नाही किंवा त्यासाठी ठोस पावलं उचलली नाहीत, तर आरक्षण व्यपगत होतं, म्हणजे आपोआप संपतं. नुसतं 'प्रस्ताव पाठवला' हे पाऊल धरलं जात नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं २००७ मध्येच सांगितलं आहे. आता विचार कर. डिसेंबर २०२५ च्या निवडणुका होईपर्यंत राज्यातल्या बहुतेक नगरपरिषदांवर तीन-चार वर्षं प्रशासक होता. सभा नाहीत, विषयपत्रिका नाहीत, पत्रकार कक्षात पंखासुद्धा चालू नसायचा. त्या काळात तुमच्या गावात अशा किती नोटिसा आल्या आणि ड्रॉवरमध्ये किती झोपल्या? गावातलं मैदान हात वर करून घालवलं तर निदान दिसतं तरी. ड्रॉवर बंद ठेवून घालवलेलं दिसत नाही, आणि माझ्या अनुभवात जास्त जागा तशाच गेल्यात. तुझी या वर्षाची सगळ्यात मोठी बातमी कदाचित या एका मैदानाची नसेल, आरक्षणांच्या पूर्ण यादीची असेल: आरक्षण क्रमांक, जागा, खरेदी सूचनेची तारीख, चोवीस महिने कधी भरतात. एक तक्ता कर. वहीत चालेल. आरक्षित जागा सुटण्याचा तिसरा रस्ता समावेशक आरक्षणाचा, त्यात जागेचा काही भाग नगरपरिषदेला विकसित करून मिळतो आणि उरलेला मालकाला. तो सरसकट वाईट नसतो, फक्त मिळायचा तो भाग खरंच ताब्यात आला का, ते विचारत राहा.

पेट्यांचं काय? सोड. 'पाच पेट्या' हे ऐकीव आहे, आणि सांगणाऱ्यानं स्वतःचं नाव द्यायची तयारी दाखवलेली नाही. त्याच्या बंदुकीला खांदा तुझा. त्यापेक्षा नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर सूची क्रमांक दोन, म्हणजे खरेदी-विक्रीच्या दस्तांची नोंद, पाहा, सातबाऱ्यावरचे फेरफार पाहा. मैदान म्हणून आरक्षित असलेली जमीन कुणी, कधी, किती मोबदल्यात विकत घेतली हे तिथे आहे. सभेच्या तीन महिने आधी खरेदीखत झालं असेल तर त्या दोन तारखा एकाखाली एक छाप. खाली एकही विशेषण नको. वाचक गणित शिकलेला असतो.

बदनामीची भीती तुला असेलच. थोडी असावी. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये बदनामी हा गुन्हा आहे आणि नगरसेवक किंवा बिल्डर व्यक्तिशः तक्रार करू शकतात. पण सर्वोच्च न्यायालयानं १९९४ मध्ये आर. राजगोपाल प्रकरणात दोन गोष्टी सांगून ठेवल्या आहेत, त्या पाठ कर. शासन किंवा स्थानिक स्वराज्य संस्था स्वतः बदनामीची भरपाई मागायला दिवाणी दावा लावू शकत नाहीत. आणि सार्वजनिक अभिलेखावर आधारलेल्या मजकुराला खासगीपणाचा आक्षेप टिकत नाही. म्हणून कागदावर चाल. ज्यांची नावं येणार त्या प्रत्येकाला छापण्याआधी प्रश्न पाठव, लेखी, उत्तराला वाजवी वेळ देऊन, आणि पोच जपून ठेव. फोनवर 'संपर्क होऊ शकला नाही' ही पळवाट आता लहान पोरांनाही कळते.

जागेवर जाशील तेव्हा एकटी जाऊ नकोस. उगाच घाबरवत नाही. जमिनीबद्दल लिहिणारे राजापूरचे पत्रकार शशिकांत वारिशे यांना फेब्रुवारी २०२३ मध्ये गाडीखाली चिरडण्यात आलं, त्यांची बातमी छापून आली त्याच दिवशी. कुठे निघालीस, कुणाला भेटणार, हे कार्यालयात आणि घरी सांगून जा. तेवढं तरी कर.

वाइन शॉपबद्दल थोडक्यात. त्या गदारोळाची बातमी लागली याचं मला नवल नाही. दारूविरुद्ध भाषण करायला काही लागत नाही, आणि मुख्य म्हणजे परवाना द्यायचा अधिकार नगरपरिषदेचा नाहीच. तो जिल्हाधिकारी आणि राज्य उत्पादन शुल्क विभागाकडे. ज्या विषयावर आपल्याला मत द्यायचं नाही त्यावर माणूस दोन तास बोलू शकतो. ज्यावर द्यायचं आहे तो दोन मिनिटांत उरकतात. पण त्यातही एक बातमी तू सोडलीस. महाराष्ट्रात विदेशी मद्याच्या किरकोळ विक्रीचे नवे परवाने १९७० च्या दशकापासून बंद आहेत. 'नवं वाइन शॉप' असं काही नसतं, कुठलं तरी जुनं दुकान स्थलांतरित होतं. मग हे कुठून आलं? तिथून का उठलं? परवाना कुणाच्या नावावर होता, आता कुणाच्या? शाळेपासूनचं अंतर मोजल्याचा पंचनामा कुठे आहे, फीत कुठून कुठे धरली? हे उत्पादन शुल्कच्या अधीक्षकांना विचार. नगरपरिषदेकडे विचारायचं ते वेगळं: त्या गाळ्याला भोगवटा प्रमाणपत्र आहे का, आणि मंजूर नकाशात तो गाळा दुकान आहे की पार्किंग. आणि बायका मोर्चा काढतीलच, तेव्हा 'आडवी बाटली' चा, म्हणजे दुकान बंद करण्यासाठीच्या मतदानाचा, नियम नीट लिही: एकूण महिला मतदारांच्या निम्म्याहून जास्त मतं लागतात, मतदानाला आलेल्यांच्या निम्मी नव्हे. हा फरक न कळल्यानं किती वॉर्डांत बायका जिंकल्याच्या समजात घरी गेल्या आणि दुकान दुसऱ्या दिवशी उघडलं.

परवान्याचे विषय रुक्ष शब्दांत लपतात हेही लक्षात ठेव. डिसेंबर २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं महामार्गांपासून पाचशे मीटरच्या आत दारूविक्रीला बंदी केली, तेव्हा अचानक ठिकठिकाणच्या स्थानिक संस्थांना रस्त्यांचं प्रेम आलं. राज्य मार्गाचं 'अवर्गीकरण' करून रस्ता शहराकडे घ्यायचा, म्हणजे तो महामार्ग उरत नाही आणि बार वाचतो. जळगावचं प्रकरण तेव्हा खूप गाजलं. विषयपत्रिकेत दारू हा शब्दही नसायचा. 'रस्ते हस्तांतरणाबाबत विचार करणे', एवढंच. आणि गच्चीवरच्या हॉटेलांना कुणी, काय पाहून परवानगी दिली हे मुंबईत सगळ्यांनी विचारलं ते कमला मिलची आग लागून डिसेंबर २०१७ मध्ये चौदा जणांचा जीव गेल्यावर. तुमच्या गावातही गच्चीवर पत्रे टाकून चालणारं एखादं फॅमिली गार्डन असेल. अग्निशमनचा ना हरकत दाखला आत्ता माग.

जाहिरातदारांचं मी तुला काय सांगू. तालुक्याच्या वार्ताहराला बातमीपेक्षा जाहिरातीच्या कमिशनवर घर चालवावं लागतं हे मला ठाऊक आहे, आणि तुला उपदेश करायचा मला अधिकार नाही. एवढंच कर: त्या बिल्डरची जाहिरात तू स्वतः आणलेली असेल तर ते काम या प्रकरणापुरतं दुसऱ्याकडे दे, आणि संपादकांना ते सांग. संपादक तरीही बातमी दाबतील का? दाबू शकतात. पण 'पुरावा आण' म्हणणारा संपादक अजून दार उघडं ठेवून बसलाय. राजपत्राची प्रत, ठराव, खरेदीखताची तारीख आणि हरकतीची मुदत एवढं टेबलावर ठेवलंस तर नाही म्हणायला त्यांनाही कारण शोधावं लागेल. जाहीर सूचना तुमच्याच पेपरात आली असेल तर मजाच. पैसे घेऊन छापलेल्या मजकुराची बातमी करायला हरकत कसली?

राहता राहिले मामा. त्यांचं नाव वगळायचा विचार तुझ्या मनात आला असेल, म्हणूनच तू ते पत्रात सगळ्यात शेवटी लिहिलंस. वगळू नकोस. सूचक लिहिलास की अनुमोदक आलाच, गावात प्रत्येकाला ठराव कुणी मांडला ते माहीत आहे, आणि तू एक नाव गाळलंस हे त्याच संध्याकाळी चौकात कळेल. उलट बाजूनं, आपण किती निःपक्ष आहोत हे दाखवायला त्यांना जास्त झोडपूही नकोस. इतरांना आहेत तेवढ्याच ओळी त्यांना. संपादकांना आजच नातं सांग. शक्य असेल तर मामांना विचारायचे प्रश्न दुसऱ्या सहकाऱ्यानं विचारावेत आणि त्यांचं उत्तर त्यानंच लिहावं. कदाचित त्यांच्याकडे सांगण्यासारखं काही असेलही. ऐनवेळचा विषय त्यांनी वाचलाच नव्हता, शेजारच्यानं कोपर मारलं म्हणून हात वर केला, असंही निघू शकतं. मी असे अनुमोदक पाहिलेत.

आणि आईला आधी सांग, भावाची बातमी तिला पेपरात वाचायला लावू नकोस. मामांना मात्र तुझा स्वतःचा फोन छापून यायच्या आदल्या संध्याकाळी. काय छापतोय ते सांगायचं आणि ठेवायचा. ते ओरडले तर ऐकून घे. दिवाळीला जायचंच आहे.